मोठ्या कुत्र्याला झेपतील अशा आरव्हीच्या पायऱ्या कुठल्या?

चाकांवरचं_बिऱ्हाड

नमस्कार मंडळी,

आमची आरव्ही (आत राहता येतं अशी प्रवासाची गाडी) म्हणजे गाडीमागे ओढायचा ट्रॅव्हल ट्रेलर, आणि सोबत बंड्या नावाचा ३४ किलोचा लॅब्राडोर. वय वर्षं ८. ट्रेलरला दोन पायऱ्या आहेत, दाराखालून ओढून बाहेर काढायच्या. जाळीदार पत्र्याच्या, मागून उघड्या. बंड्या चढताना पायऱ्यांना मुळी जुमानतच नाही, लांबून धावत येतो आणि थेट आत. उतरायची वेळ आली की मात्र दारात ठाण मांडतो. पुढचा एक पंजा वरच्या पायरीवर ठेवतो, पायरी जरा हलली की पंजा परत आत घेतो, आणि पायऱ्या मीच बनवल्या असाव्यात असा माझ्याकडे बघतो. शेवटी कंटाळून उडी मारतो ती सरळ जमिनीवर. ट्रेलर लेव्हल केल्यावर उंबरठा जमिनीपासून ७८ सेंमी येतो, त्यामुळे दर उडीला माझ्याच काळजात धस्स होतं.

आहेत त्याच पायऱ्यांवर काही करता येईल का? की जमिनीवर पाय टेकणाऱ्या नव्या पायऱ्या बसवाव्यात? की सरळ रॅम्प? मोठं कुत्रं असलेल्यांनी अनुभव लिहा. छोटं कुत्रं काखेत मारून फिरणाऱ्यांनी नुसतं वाचावं. :)

सुतारपक्षी

चढतो पण उतरत नाही, इथेच अर्धं उत्तर आहे. चढताना त्याला समोर घर दिसतं. उतरताना जाळीतून आणि पायरीच्या मागच्या मोकळ्या जागेतून खालची जमीन दिसते. शिवाय तो पंजा मागे कधी घेतो ते तुम्हीच लिहिलंय, पायरी हलल्यावर.

७८ सेंमीला दोन पायऱ्या म्हणजे तीन टप्पे, प्रत्येकी २६ सेंमी. घरातल्या जिन्याची पायरी साधारण १७-१८ सेंमी उंच असते. काहीही विकत घेण्याआधी दोन मापं घ्या. बंड्या सरळ उभा असताना पुढच्या पंजापासून मागच्या पंजापर्यंतचं अंतर, आणि पायरीवर पंजा टेकायला मिळणारी खोली. मग बोलू.

टिवल्याबावल्या

काखेत मारायला अडचण काय? ३४ किलोच तर आहे.

चाकांवरचं_बिऱ्हाड

@टिवल्याबावल्या, या की उचलायला. चिखलात लोळून आला की निरोप धाडतो.

डेनमाता

आमच्याकडे ६३ किलोची ग्रेट डेन आहे, त्यामुळे या विषयावर मी तासभर बोलू शकते. थोडक्यात लिहायचा प्रयत्न करते. (जमणार नाही.)

मोठ्या कुत्र्याला पायऱ्यांची संख्या नाही, पायरीची खोली नडते. आमच्या जुन्या पायऱ्यांवर टेकायला जेमतेम २० सेंमी जागा होती. तिचे पुढचे पंजे तिसऱ्या पायरीवर असायचे तेव्हा मागचे अजून उंबरठ्यावर, आणि सगळं अंग उतारावर कललेलं. अशा वेळी पायरी होडीसारखी डोलली की कुठलंही जनावर घाबरणारच. त्या पायऱ्या ट्रेलरच्या सांगाड्याला नुसत्या लटकलेल्या असतात, खाली आधार काहीच नाही. माणूस उतरतानाही त्या दबतात, फक्त आपण कठडा धरतो म्हणून आपल्याला ते जाणवत नाही. तिला कठडा धरता येत नाही.

आता दारातून खाली उलगडणाऱ्या पायऱ्या आहेत, ज्यांचे पाय जमिनीवर टेकतात. लिपर्टच्या सॉलिडस्टेप किंवा मोराइडच्या स्टेपअबव्ह म्हणतात ना, त्या जातीच्या. प्रत्येक पायाला भोकं आणि खिट्टी असते, जमीन उंचसखल असली की पाय वरखाली करून घ्यायचा. ते एकदा नीट टेकले की पायरी जागची हलत नाही. पहिल्यांदा बसवल्यावर ती वास घेत घेत दोन पायऱ्या उतरली, थांबली, शेपूट हलवली आणि पुढे गेली. आमचं काम झालं.

तोटेही सांगते. घडी करून या पायऱ्या दाराच्या आत उभ्या राहतात. म्हणजे वाटेत पाच मिनिटं थांबून आतून पाण्याची बाटली काढायची तरी अख्खं बिऱ्हाड उलगडावं लागतं. आणि पायऱ्यांवरचा चिखल, वाळू, ओलं गवत सगळं घडी केल्यावर आत सांडतं. दाराशी छोटा झाडू कायमचा टांगलेला आहे. शेजारी भिंत किंवा झाड खेटून असेल तर पूर्ण उलगडायला जागाही मिळत नाही.

रॅम्पवादी

एवढा व्याप कशाला? रॅम्प घ्या. आमचा १२ वर्षांचा जर्मन शेफर्ड दीड मीटरच्या घडीच्या रॅम्पवरून डुलत डुलत उतरतो. सांध्यांना त्रास नाही, पायरी नाही, जाळी नाही, खिट्टी नाही. कुत्र्याला पायऱ्या चढायला लावणं हाच मुळात माणसाचा हट्ट आहे.

मोजपट्टी

@रॅम्पवादी, तुमच्या गाडीचा उंबरठा किती उंच आहे ते सांगा बरं आधी.

७८ सेंमीला १५० सेंमीचा रॅम्प लावला तर उतार ३१ अंशांचा होतो. १८० सेंमीचा घेतला तरी साधारण २६. कुत्र्याला निवांत चालता यावं असा उतार १८ ते २० अंशांच्या आसपास धरतात, त्यासाठी इथे २२८ ते २५२ सेंमी लांब रॅम्प लागेल. तो ठेवणार कुठे? रोज काढघाल कोण करणार? आणि दारासमोर अडीच मीटर फळी पडली की माणसांनी बाहेर कुठून यायचं? ३१ अंशांच्या उतारावर ओले पंजे घेऊन उतरणाऱ्या कुत्र्यापेक्षा नीट पायऱ्या उतरणारं कुत्रं सुरक्षित.

रॅम्पवादी

आमची कॅम्पर व्हॅन आहे. उंबरठा ५० सेंमी.

मोजपट्टी

मग तुमचा उतार साडेएकोणीस अंश. शेफर्ड डुलणारच. :) तुमचं म्हणणं तुमच्या गाडीपुरतं शंभर टक्के बरोबर आहे. उंच फिफ्थ व्हीलला (पिकअपच्या हौद्यात जोडून ओढायचा मोठा ट्रेलर), जिथे उंबरठा १ मीटरच्या घरात जातो, तिथे २० अंशांसाठी जवळपास तीन मीटरची फळी लागेल.

रॅम्पवादी

बरं बाबा, गणित मान्य. तरी म्हातारं किंवा ऑपरेशन झालेलं कुत्रं असेल तर पायरीपेक्षा रॅम्पच, यावर मी ठाम आहे. आणि लांब रॅम्प नको असेल तर मधे एक चौथरा टाकता येतो. दारासमोर उंबरठ्याच्या उंचीचा घडीचा प्लॅटफॉर्म, तिथे कुत्र्याने वळायचं, आणि रॅम्प ट्रेलरच्या अंगाला समांतर खाली सोडायचा. माणसांसाठी दुसऱ्या बाजूने पायऱ्या. महिनोन्महिने एकाच जागी मुक्काम असणारे लोक असं करतात.

भटकी_जमात

वाचतेय. आमच्याकडे दोन न्यूफाउंडलंड आहेत आणि दोघंही एकाच वेळी दारातून बाहेर पडायचा प्रयत्न करतात. यावर कुठल्या कंपनीची पायरी मिळते?

टिवल्याबावल्या

@भटकी_जमात, त्यावर दार मोठं करून मिळतं.

खूर_शेपूट_वगैरे

मी व्यवसायाने प्राण्यांची डॉक्टर आहे, म्हणून दोन शब्द.

कुत्रं नुसतं उभं असतं तेव्हा त्याच्या वजनाचा साधारण ६०% भार पुढच्या पायांवर असतो. उतरताना तो आणखी पुढे सरकतो. उंचावरून उडी मारून जमिनीवर पडताना तर सगळा धक्का खांदे, कोपरं आणि मनगटं घेतात. चढताना उलट, मागच्या पायांनी अंग ढकलावं लागतं, तिथे कंबर आणि गुडघ्याची परीक्षा. लॅब्राडोरमध्ये कोपराचा आणि खुब्याचा डिस्प्लेझिया (सांधा नीट न घडणं) दोन्ही बऱ्यापैकी आढळतात, आणि मोठ्या जातींमध्ये गुडघा स्थिर ठेवणारा क्रूसिएट लिगामेंट तुटण्याचे प्रकारही काही दुर्मिळ नाहीत.

म्हणून बंड्याच्या मालकांना एक विचारायचंय. तो पूर्वी याच पायऱ्या उतरायचा आणि आता थांबायला लागलाय, की पहिल्यापासूनच थांबतो? पहिल्यापासून असेल तर पायऱ्यांचा दोष. पूर्वी उतरायचा आणि आता नाही, तर पायऱ्या बदलायच्या आधी त्याचे सांधे तपासून घ्या. कुत्री दुखणं लपवतात. झोपून उठताना अवघडणं, उडीआधी दोनदा विचार करणं, एका बाजूला जास्त भार देऊन बसणं ही लक्षणं बघा. आणि दर महिन्याला वजन करा. दोन-तीन किलो कमी झाले तर कुठल्याही पायरीपेक्षा जास्त फरक पडतो.

पिल्लं असलेल्यांसाठी: मोठ्या जातींची हाडं वाढायची थांबायला १२ ते १८ महिने लागतात. तोवर उंचावरच्या उड्या टाळाच.

पंजा_आणि_पसारा

डॉक्टरांचा मान राखून, हे जरा जास्त होतंय असं वाटतं. आमचा रॉटवायलर वर्षानुवर्षं पिकअपच्या मागून उड्या मारतोय, ठणठणीत आहे. कुत्रं आहे ते, काचेचं भांडं नाही. सगळं इतकं जपून केलं तर जनावराने जनावरासारखं वागायचं कधी?

खूर_शेपूट_वगैरे

@पंजा_आणि_पसारा, मैदानात पळताना स्वतःच्या मर्जीने मारलेली उडी आणि रोज त्याच उंचीवरून, त्याच कडक जागेवर, पट्ट्याला बांधलेलं असताना मारलेली उडी यांत फरक आहे. तुमचा ठणठणीत आहे याचा आनंदच आहे. माझ्याकडे येतात ते ठणठणीत नसलेले.

पंजा_आणि_पसारा

हे खरं. पण पायरी घेतली म्हणून उडी थांबत नाही हेही लिहा कुणीतरी. आमच्याकडे पायरी आहे. तो तिच्यावरून उडी मारतो.

मोजपट्टी

:D

सुतारपक्षी

याच कारणासाठी शिकवणं पायऱ्यांइतकंच महत्त्वाचं. त्यावर येतोच, पण आधी पृष्ठभागाबद्दल, कारण तिकडे कुणी वळलंच नाही अजून.

जाळीदार पत्र्यावर माणसाचा बूट घट्ट बसतो, म्हणून ती पायरी बनवणाऱ्यांना आवडते. कुत्र्याची नखं मात्र त्या भोकांत जातात. आमच्या ओळखीतल्या एका शेफर्डचं आतल्या बाजूचं सुटं नख असंच अडकून मुळापासून उखडलं. त्यावर वाळूच्या कागदाची चिकट पट्टी लावणारे पुष्कळ आहेत, पण रोज वरखाली करणाऱ्या जड कुत्र्याच्या तळव्यांची त्याने सालं निघतात. रबरी पृष्ठभागाची पट्टी बरी. त्याहून बरे ते पायरीला गुंडाळून खालून स्प्रिंगने ताणायचे गालिच्याचे तुकडे. जाळी झाकली जाते, पंजा रुततो, आणि गालिचा पुढच्या कडेवरून खाली वळतो त्यामुळे कडाही मऊ होते. घेताना पायरीची कड सरळ आहे की गोलाकार ते बघा, गोलाकारला वेगळा मिळतो. आणि पायऱ्या एकमेकींवर घडी होत असतील तर जाड गालिचा मधे अडतो, घडी पूर्ण बसत नाही.

मागची उघडी जागा बंद करायला पातळ प्लायवूड किंवा जाड रबराची पट्टी पुरते. वरच्या पायरीच्या मागच्या कडेला लटकवायची, प्रवासाला निघताना काढायची. पुष्कळ कुत्र्यांची निम्मी भीती तेवढ्यावर जाते.

निळ्या_छताखाली

गालिच्याला एक पुरवणी. पावसात भिजला की दोन दिवस वाळत नाही आणि थंडीत त्याचाच बर्फ होतो. उघडा ॲल्युमिनियमही थंडीत तितकाच निसरडा, आणि भर उन्हात इतका तापतो की तळवे पोळतात. हाताची मागची बाजू पायरीवर ठेवून बघा, तुम्हाला सहन झाली नाही तर त्यालाही होणार नाही. आम्ही उन्हात ओला पंचा टाकतो पायरीवर.

मोटारघर_मामा

आमचं मोटारहोम आहे, म्हणजे इंजिन आणि घर एकाच गाडीत, आणि पायऱ्या विजेवर चालणाऱ्या. ट्रेलरवाल्यांना यातली गोम ठाऊक नसेल म्हणून लिहितो. दार उघडलं की पायरी आपोआप बाहेर येते, दार बंद केलं की आत जाते. मुक्कामाला असताना आतलं बटण बंद करून पायरी बाहेरच ठेवता येते. पण तसं केलेलं असलं तरी इंजिन सुरू झालं की पायरी आत घेतली जाते, ती सोय मुद्दाम केलेली असते, बाहेर राहिलेली पायरी घेऊन कुणी रस्त्याला लागू नये म्हणून.

आता विचार करा, कुत्रं पायरीवर उभं आहे, आतून कुणीतरी वाऱ्याने आपटू नये म्हणून दार ओढून घेतलं. पायरी चालू. आमच्या शेजारच्या गाडीतल्या बॉक्सरने असा अनुभव घेतला आणि त्यानंतर तो त्या दाराला नमस्कारही करीना. म्हणून मोठं कुत्रं असलेल्यांनी मुक्कामाला पोचल्यावर पहिलं काम ते बटण बंद करावं.

दुसरं म्हणजे मोटारहोमच्या दाराशी आतही एक खड्डा असतो, पायऱ्या आतूनच सुरू होतात. रात्री अंधारात कुत्रं त्यात घसरतं. काही गाड्यांना त्यावर सरकतं झाकण असतं, तुमच्याला असेल तर वापरा.

उगाच_आपलं

मामा, "दाराला नमस्कारही करीना" :D :D

अवांतर: रेसमधून निवृत्त झालेले ग्रेहाउंड पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्यातल्या बऱ्याच जणांनी आयुष्यात जिना पाहिलेलाच नसतो. आमची पहिल्या दिवशी पायऱ्यांपुढे अशी उभी होती की मला तिची माफी मागावीशी वाटली.

भटकी_जमात

@उगाच_आपलं मग शिकली कशी?

उगाच_आपलं

उलटीकडून. वरून ढकलायचं नाही, ओढायचं तर मुळीच नाही. दोघांनी मिळून उचलून सगळ्यात खालच्या पायरीवर उभी केली, एक हात छातीखाली, एक मागच्या मांड्यांमागे. तिथून जमिनीवर उतरणं तिला सोपं वाटलं, उतरली, खाऊ मिळाला. ते अंगवळणी पडलं की त्याच्या वरची पायरी. शेवटचा टप्पा आधी शिकल्यामुळे वरून बघताना तिला पुढे काय आहे ते माहीत असतं. घाईत शिकवायचं नाही, आणि एकदा घाबरली तर त्या दिवसापुरतं दुकान बंद.

रॅम्पवादी

रॅम्पलाही हेच. आधी जमिनीवर सपाट पसरायचा, त्यावरून चालवायचं, मग एक टोक एखाद्या ठोकळ्यावर टेकवून थोडं उचलायचं. पहिल्याच दिवशी दाराला लावून "चल" म्हटलं तर नाहीच येत ते. आणि वरचं टोक दाराशी पट्ट्याने बांधा, अर्ध्या वाटेवर रॅम्प सरकला की कुत्र्याचा विश्वास जातो तो जातोच.

सुतारपक्षी

@उगाच_आपलं यांच्या पद्धतीला अनुमोदन. फक्त एक: शिकवताना कॉलर नको, पाठीवर हँडल असलेला हार्नेस घाला. तोल गेला तर मानेला हिसका न बसता धरता येतं. आणि कृपया पट्टा कठड्याला बांधून आत जाऊ नका. पायरीवरून बाजूला घसरलं तर कुत्रं गळ्याने लटकेल.

मोजपट्टी

वजनक्षमतेचा विषय राहिला. पुष्कळ पायऱ्यांवर ३०० पौंड, म्हणजे साधारण १३६ किलो असा आकडा असतो. लोक म्हणतात माझं कुत्रं ४०चं, भरपूर झालं. पण उतरताना बहुधा तुम्हीही त्याच पायरीवर असता, हातात पिशवी, आणि कुत्रं हिसका मारतं. हलत्या वजनाचा भार स्थिर वजनापेक्षा जास्त पडतो. डेनमाता, ६३ अधिक तुम्ही म्हणजे हिशोब करा.

डेनमाता

@मोजपट्टी, बाईमाणसाला वजन विचारण्याची ही नवीन पद्धत आवडली. आम्ही एकेक करून उतरतो.

रानवाट

मागे दिवे राहिले. आमची म्हातारी सेंट बर्नार्ड मोतीबिंदूमुळे संध्याकाळनंतर पायऱ्यांवर अडखळायची. प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी आणि पायरीखाली हालचालीने लागणारा छोटा दिवा लावला, खूप फरक पडला. लाल पट्टी लावू नका, कुत्र्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. पिवळा आणि निळा चांगला दिसतो.

चाकांवरचं_बिऱ्हाड

सगळ्यांचे आभार, एवढ्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती. क्रमाने उत्तरं देतो.

@खूर_शेपूट_वगैरे, पहिल्यापासूनच थांबतो. तरी तुमचा प्रतिसाद वाचून दाखवून आणला. सांधे सध्या ठीक आहेत, वजन दोन किलो जास्त आहे असं ऐकवलं गेलं. बंड्याला अजून सांगितलेलं नाही.

@सुतारपक्षी, पंजापासून पंजापर्यंत अंतर ६० सेंमीच्या जरा वर. पायरीची खोली २१ सेंमी. तुमचा मुद्दा लक्षात आला. मागे प्लायवूड आणि खाली स्टॅबिलायझरचा जॅक (डुलणं थांबवायला टेकू देतात तो) लावून बघितला. खालच्या पायरीखाली जॅक टेकवल्यावर डुलणं जवळपास थांबलं, आणि काल पहिल्यांदा तो दोन्ही पायऱ्यांवर पंजे ठेवत उतरला. वरच्या पायरीवर बराच वेळ विचार केला, पण उतरला. २६ सेंमीचा टप्पा त्याला अजून मोठाच आहे, पाठीमागचं अंग धप्पकन खाली येतं.

रॅम्प नको, हे मोजपट्टींच्या गणिताने ठरलं. दारासमोर तेवढी जागा आम्हाला कुठल्याच मुक्कामाला मिळत नाही. तीन पायऱ्यांच्या, पाय टेकणाऱ्या उलगडत्या पायऱ्या घ्याव्या म्हणतोय. तीन की चार, एवढाच प्रश्न उरला.

मोजपट्टी

तीन घेतल्यात तर चार टप्पे, प्रत्येकी साडेएकोणीस सेंमी. चार घेतल्यात तर पाच टप्पे, साधारण साडेपंधरा. पण चार पायऱ्या पुढे लांब येतात आणि दारात घडी करून उभ्या केल्या की उंचही जास्त होतात, आत काही अडत नाही ना ते बघा. वरच्या पायरीची जागा उंबरठ्याच्या तुलनेत किती खाली येते तेही मॉडेलनुसार बदलतं, तेव्हा माझा भागाकार अंदाज म्हणून घ्या.

डेनमाता

लॅबला तीन पुरतात. पैसे खोलीवर घालवा, संख्येवर नाही. ज्या पायरीवर चारी पंजे नाही तरी पुढचे दोन्ही पंजे नखांसकट पूर्ण टेकतात ती घ्यायची. दुकानात उलगडून दाखवायला सांगा आणि बंड्याला घेऊनच जा. पायऱ्यांच्या बाजू उघड्या असतात हे मात्र लक्षात ठेवा. पहिले काही दिवस ज्या बाजूला कठडा नाही त्या बाजूने तुम्ही उतरा, म्हणजे तो मधोमध राहतो.

पंजा_आणि_पसारा

आणि जुन्या पायऱ्या विकू नका. नव्या बसवून झाल्यावरही बंड्या उडीच मारणार, तेव्हा मला सांगायला या.

चाकांवरचं_बिऱ्हाड

@पंजा_आणि_पसारा, शुभ बोल रे नाऱ्या! :)

@डेनमाता, मऊ जमिनीत ते पाय रुतत नाहीत का? आम्ही बहुतेक वेळा गवतावरच असतो.

डेनमाता

रुततात. पहिल्या पावसातच एका बाजूचा पाय खाली गेला आणि पायरी तिरकी झाली, बाईसाहेब लगेच दारातून मागे. आता दोन्ही पायांखाली लेव्हलिंगचे, म्हणजे ट्रेलर सपाट करायला चाकाखाली घालतात ते, प्लास्टिकचे चौकोनी ठोकळे एकेक टाकते, ते तुमच्याकडे असतीलच. पाय टेकवल्यावर आधी स्वतः खालच्या पायरीच्या दोन्ही टोकांवर उभं राहून बघायचं, कुठलं टोक दबलं तर तिकडची खिट्टी एक भोक खाली. रोज सकाळी परत तपासा, रात्रीत जमीन बसते.

सुतारपक्षी

आणि दाराचं माप घेताना दाराचं नका घेऊ, आतल्या चौकटीचं घ्या. पायऱ्या चौकटीत बसतात. तीन ठिकाणी मोजा, वर, मधे आणि खाली, आणि सगळ्यात कमी येईल तो आकडा धरा. स्क्रू जिथे जाणार तिथली फळी पाण्याने भुसभुशीत झालेली नाही ना ते स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. सगळं वजन त्या चार-सहा स्क्रूंवर आणि खालच्या पायांवर येणार आहे. फळी मऊ लागली तर आधी ती बदला, पायऱ्या नंतर.